वर्षभराने काय झाले?

ऑपरेशन थिएटरचे दार उघडते, सर्जन बाहेर येतात, मास्क खाली करतात आणि बाकावर ताटकळलेल्या नातेवाइकांना सांगतात, "ऑपरेशन यशस्वी झाले." सकाळपासून पोटात पाण्याचा घोटही न घेतलेली मुलगी हात जोडते. कोणीतरी गावी फोन लावते. त्या घटकेला ते वाक्य खरेच असते. रक्त थांबले, सळई नीट बसली, एक्स-रे सरळ आला. पण ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप झाला, ती सहा महिन्यांनी जिना चढेल का, वर्षाने रात्रभर शांत झोपेल का, दहा वर्षांनी तिचा बसवलेला सांधा जागेवर असेल का, याचे उत्तर त्या दारात कोणाजवळच नसते. ते पुढे जाऊन शोधावे लागते. हाडांच्या शस्त्रक्रियेत गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत काय काय नवे आले याच्या याद्या पुष्कळ झाल्या. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की हे उत्तर शोधायला कोण निघाले, त्यांना काय सापडले आणि आपण त्यात कुठे आहोत.

गावच्या हाडवैदाला हा प्रश्न वेगळा विचारावा लागत नसे. सुश्रुतसंहितेने हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले, त्या जुन्या विद्येचा धागा कुठेकुठे त्याच्यापर्यंत आलेला होता. बांबूच्या कामट्या बांधून बसवलेला हात त्याला आठवडे बाजारात दिसायचा, नांगर धरताना दिसायचा. त्याचा निकाल त्याच्या डोळ्यांसमोर फिरत असे. मात्र त्याने मोजले कधी नाही. सरळ झालेले हात गावाच्या लक्षात राहिले, वाकडे राहिलेले दैवाच्या खात्यावर गेले. शहरातल्या मोठ्या इस्पितळात उलटे झाले. तिथे केसपेपर आले, नोंदवह्या आल्या. पण रुग्ण फाटकाबाहेर पडला की तो कायमचा दृष्टीआड झाला.

ही उणीव पहिल्यांदा ज्याला असह्य झाली, तो बॉस्टनचा सर्जन अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलसारख्या नामांकित संस्थेत तो काम करीत होता. त्याचे म्हणणे साधे होते: प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड ठेवा. त्याला काय होत होते, आपण काय निदान केले, काय उपचार केले, हे त्यावर लिहा. वर्षाने त्याला बोलावून काय झाले तेही लिहा. बरे झाले नसेल तर का नाही, तेही लिहा. ही कार्डे लोकांनाही पाहता आली पाहिजेत, असा त्याचा आग्रह होता. १९११ मध्ये त्याने स्वतःचे छोटे इस्पितळ काढले. १९१६ पर्यंत तिथून ३३७ रुग्ण घरी गेले, आणि त्यांच्या उपचारांत झालेल्या १२३ चुका त्याने स्वतः छापून जाहीर केल्या. कोणत्याही काळात सर्जनने असे करणे सोपे नाही. १९१४ मध्ये त्याने जुन्या इस्पितळाचा राजीनामा दिला, कारण तिथे बढती सेवाज्येष्ठतेने मिळे, निकालावर नाही. १९१५ च्या एका सभेत त्याने शहरातल्या डॉक्टरांवर बोचरे व्यंगचित्र सादर केले आणि समव्यावसायिकांचा रोष ओढवून घेतला. १९४० मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसवला गेला २०१४ मध्ये.

कॉडमनचा विचार त्याच्यामागे फारसा कोणी उचलला नाही. पण ज्याने नकळत तोच रस्ता धरला, त्या माणसामुळे आज जगभर लाखो लोक चालते आहेत. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात रायटिंग्टन नावाचे पूर्वीचे क्षयरोग इस्पितळ आहे. तिथे जॉन चार्नली खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया घडवत होता. मांडीच्या हाडाला पोलादी गोळा आणि कमरेच्या हाडात प्लास्टिकची वाटी, अशी त्याची रचना. वाटीसाठी त्याने टेफ्लॉन निवडले, कारण ते गुळगुळीत. पहिले निकाल डोळे दिपवणारे होते. वर्षानुवर्षे खिळलेली माणसे वेदनेशिवाय चालू लागली. त्या वेळी थिएटरच्या दारात कोणी विचारले असते, तर "यशस्वी" हाच शब्द आला असता. सुमारे तीनशे रुग्णांना हा सांधा बसला. मग दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले, त्याचा चुरा आजूबाजूच्या मांसात रुतला, गाठी झाल्या, हाड पोखरले गेले. सांधे एकेक करून काढावे लागले.

ते काढण्याचे काम चार्नलीने दुसऱ्यांवर ढकलले नाही. आपल्या रुग्णांवरच्या त्या अवघड शस्त्रक्रिया तो स्वतः करीत राहिला. १९६२ मध्ये एका विक्रेत्याने पॉलिएथिलीनचा एक तुकडा आणून दिला. चार्नलीला त्यात काही दम वाटला नाही, पण त्याचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने तो झिजवण्याच्या यंत्रावर लावून ठेवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढे झिजे, तेवढेही हे तीन आठवड्यांत झिजले नव्हते. या वेळी चार्नली घाई करणार नव्हता. त्याने टेफ्लॉनचे आणि पॉलिएथिलीनचे नमुने स्वतःच्या मांडीत बसवून घेतले. टेफ्लॉनच्या जागी काही महिन्यांत गाठी आल्या, पॉलिएथिलीनच्या जागी आल्या नाहीत. त्यानंतरही रायटिंग्टनला येऊन तंत्र शिकल्याशिवाय कोणा सर्जनला हा सांधा मिळू नये, असा नियम त्याने बरीच वर्षे पाळला. आपल्या रुग्णांना तो विनंती करी, की तुमच्यामागे हा सांधा मला परत तपासायला मिळू द्या. बहुतेकांनी हो म्हटले. सर्जन आणि रुग्ण यांच्यातला हा करार मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत थोर गोष्ट वाटते. तुम्ही मला चालते केलेत, आता माझ्या हाडांतून तुम्ही शिका.

तरी एकट्या सर्जनची नजर कुठवर पोहोचणार? तो वर्षाला ठरावीक सांधे बसवणार, आणि त्यातला सैल झालेला सांधा घेऊन रुग्ण बऱ्याचदा दुसऱ्याच डॉक्टरकडे जाणार. देखणी नवी रचना खरोखर चांगली आहे की नाही, हे एका इस्पितळातून दिसत नाही, अख्ख्या देशातून दिसते. स्वीडनने हे ओळखले. १९७५ मध्ये गुडघ्यांची आणि १९७९ मध्ये खुब्यांची राष्ट्रीय नोंदवही तिथे सुरू झाली. कोणता सांधा, कोणत्या बनावटीचा, कोणाला बसवला आणि पुन्हा कधी काढावा लागला, एवढेच त्यात मुख्य. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाने आणि २००३ मध्ये इंग्लंड-वेल्सने हाच मार्ग धरला. "डॉक्टर, हा किती वर्षे टिकेल?" हा प्रश्न गुडघा बदलायला आलेला प्रत्येक माणूस विचारतो. त्याचे आधाराचे उत्तर २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले: पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के आणि खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के पंचवीस वर्षे टिकतात. ही संख्या ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदवह्यांतून निघाली. पंचवीस वर्षे कारकुनी करणारी माणसे नसती, तर हे उत्तर नसते.

नोंदवही नसली की काय होते, हे आपल्याला दूर जाऊन पाहावे लागत नाही. डेप्यू कंपनीचा 'ए.एस.आर.' हा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा. त्याचे कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होते, आजूबाजूचे मांस सडत होते. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत २००७ पासून धोक्याची खूण दिसू लागली. इंग्लंडच्या नोंदवहीने पाच वर्षांत बारा-तेरा टक्के सांधे काढावे लागल्याचे दाखवले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला. तोवर सुमारे ९३ हजार लोकांना तो बसला होता. त्यातल्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया भारतातल्या. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली, तिने बाधितांना किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. पण भरपाई द्यायची कोणाला? यांतले साडेतीन हजारांच्या आसपास रुग्ण सापडतच नव्हते. ज्यांच्या कमरेत तो धातू आहे आणि ज्यांना हे ठाऊकही नाही, अशी माणसे या देशात आज वावरत असतील. हा दोष फक्त कंपनीवर टाकून मोकळे होता येणार नाही. ज्यांना पत्र पाठवायचे, त्यांचा पत्ताच आपण लिहून ठेवला नव्हता.

सांधा टिकला की नाही हे नोंदवही सांगते. पण शस्त्रक्रिया करायलाच हवी होती का, हे ती सांगत नाही. या प्रश्नाला हात घातला अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या इस्पितळाने. गुडघा झिजला की दुर्बिणीतून आत पाहून तो धुवायचा, खरबरीत कूर्चा तासायची, ही शस्त्रक्रिया त्या काळी अमेरिकेत वर्षाला साडेसहा लाखांहून अधिक वेळा होत होती. प्रत्येकी खर्च सुमारे पाच हजार डॉलर. रुग्ण सांगत, बरे वाटते. सर्जन ब्रूस मोझली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एका गटाची कूर्चा तासली. दुसऱ्याचा गुडघा नुसता धुतला. तिसऱ्या गटाला गुंगी आणून गुडघ्यावर छोटे छेद दिले, नेहमीसारखी हत्यारे मागितली, पाण्याचा आवाज केला आणि आत काहीच न करता टाके घातले. कोणाला काय मिळणार, हे सर्जनलाही थिएटरमध्ये लिफाफा फोडल्यावर कळे. दोन वर्षे पाठपुरावा झाला. २००२ मध्ये निकाल छापून आला: खऱ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांचे दुखणे खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा कोणत्याच टप्प्यावर कमी नव्हते.

या प्रयोगावर तेव्हा पुष्कळ आरडाओरडा झाला. माणसाला उगाच छेद देणे नीतीत बसते का, असे विचारले गेले. प्रश्न रास्त होता. पण त्या रुग्णांनी आपल्याला नुसते छेदही मिळू शकतात, हे स्वहस्ते लिहून देऊन संमती दिली होती. पात्र ठरलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांनी नकार दिला होता, आणि तो मान्य झाला होता. दुसऱ्या बाजूला वर्षाला साडेसहा लाख माणसे, जिची परीक्षाच झाली नव्हती अशी शस्त्रक्रिया करून घेत होती आणि त्यांना कोणी ते सांगत नव्हते. या दोहोंत अधिक अन्याय कुठे होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नंतर कॅनडाने झिजलेल्या गुडघ्याबाबत तेच पाहिले. फिनलंडच्या पाच इस्पितळांनी १४६ रुग्णांवर गुडघ्यातली फाटकी गादी छाटण्याची परीक्षा घेतली. वयानुसार विरलेल्या गादीच्या बाबतीत खोटी शस्त्रक्रिया खऱ्या शस्त्रक्रियेइतकीच गुणकारी ठरली. ब्रिटनमधल्या ३२ इस्पितळांत खांद्याच्या वरचे हाड तासण्याच्या शस्त्रक्रियेचेही तसेच झाले. मनगट मोडलेल्या ४६१ ब्रिटिश रुग्णांत महागडी प्लेट आणि स्वस्तातल्या तारा यांचे फळ वर्षाने सारखे निघाले. उघड्या जखमेसह मोडलेली हाडे धुण्याच्या पाच देशांतल्या चाचणीत भारतातली इस्पितळेही होती. तिथे साबणाच्या पाण्यापेक्षा साधे सलाइन सरस ठरले, आणि पाण्याचा जोर वाढवून काही हाती लागले नाही. जिथे तालुक्याच्या ठिकाणी रात्री दोन वाजता मोटारसायकलवरून पडलेला मुलगा आणला जातो, तिथल्या डॉक्टरला हा निकाल सोन्यासारखा आहे. त्याला त्या मुलाला चांगले धुवायला किमती यंत्र लागत नाही, सलाइनच्या बाटल्या लागतात.

यावरून कोणी असे समजू नये की सर्जनची सुरी निरुपयोगी आहे. डेन्मार्कमध्ये गुडघ्याच्या मध्यम ते तीव्र संधिवाताच्या शंभर रुग्णांत एका गटाचा गुडघा बदलला आणि व्यायामही दिला, दुसऱ्याला व्यायाम, वजन घटवणे, इनसोल आणि गोळ्या दिल्या. वर्षाने गुडघा बदललेल्यांचा फायदा सुमारे दुप्पट होता. गंभीर गुंतागुंतीही त्यांच्यातच जास्त होत्या: २४ विरुद्ध ६. दुसऱ्या गटातल्या पाऊणएक जणांना त्या वर्षात शस्त्रक्रियेवाचून भागवता आले. आपल्या ओपीडीत साठीच्या बाईंसमोर हे दोन्ही आकडे ठेवून बोलता येते. थोडे थांबायचे की आत्ताच करायचे, हे मग त्या ठरवू शकतात. पूर्वी हा निर्णय डॉक्टरांच्या अनुभवावर आणि नातेवाइकांच्या ऐपतीवर होत असे. आजही अनेक ठिकाणी तसाच होतो.

असे मोजणे हे पाश्चात्त्यांचे काम आहे, आपल्याला परवडणारे नाही, असे अनेक ज्येष्ठ डॉक्टरही बोलून जातात. त्यांना मद्रासची आठवण द्यावीशी वाटते. मणक्याच्या क्षयावर एकेकाळी महिनोन्महिने प्लास्टर, पाटावर झोपून राहणे आणि पुढे मोठी शस्त्रक्रिया हेच उपचार होते. ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेने कोरियात चाचण्या केल्या. तिथे दिसले, की योग्य औषधे सुरू असतील तर सहा महिने अंथरुणावर ठेवून किंवा प्लास्टरचे जाकीट घालून काही जास्तीचे मिळत नाही. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्रात १९७५ पासून ३०४ रुग्ण चिठ्ठ्या टाकून तीन गटांत विभागले गेले: छातीपोटाकडून मोठी शस्त्रक्रिया आणि सहा महिने औषध, नुसते सहा महिने औषध, नुसते नऊ महिने औषध. औषधाचे दोन्ही गट हिंडतेफिरते होते. दहा वर्षे या गरीब रुग्णांचा माग ठेवला गेला. चांगला निकाल अनुक्रमे ९०, ९४ आणि ९९ टक्के लोकांत मिळाला. त्याच सुमारास वाराणसीत डॉ. एस. एम. तुली यांनी औषध सर्वांना, शस्त्रक्रिया गरज असलेल्यांनाच, असा मधला मार्ग आखून त्याचे निकाल मांडले. आज ज्या शेतमजुराला मणक्याचा क्षय होतो आणि जो गोळ्या घेत घरी राहून बरा होतो, त्याच्या अंगावर शस्त्रक्रियेचा व्रण नसतो, त्यामागे ही दहा वर्षांची चिकाटी आहे. ती आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांवर, सरकारी पैशाने झाली.

आपण स्वतः मोजण्याचे आणखी एक कारण आहे. गुडघा बदलल्यावर रुग्णाला कसे वाटते, हे मोजायला जगात १९९८ ची ऑक्सफर्डची बारा प्रश्नांची यादी फार वापरली जाते. यादी चांगली आहे. तुम्हाला मोटारीत चढता-उतरता येते का, जेवण झाल्यावर टेबलावरून उठताना दुखते का, घरची खरेदी करता येते का, असे ती विचारते. पण आपल्या आजी जेवायला खाली बसतात. त्यांना पंगतीत मांडी घालायची असते, देवापुढे बसायचे असते, गावच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास असतो. शेतातली निंदणी उकिडवे बसून होते. लंडनच्या रुग्णाचा निकाल उत्तम आणि आपल्या आजींचाही तोच सांधा, तसाच एक्स-रे, पण घरात मात्र जेवणासाठी त्यांना एकटीला खुर्चीवर बसावे लागते, सत्यनारायणाला पाटावर बसता येत नाही. त्यांच्या दृष्टीने निकाल काय? हा प्रश्न मराठीत, मराठी घरांना धरून आपल्याशिवाय कोण विचारणार?

२०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली. तो निर्णय योग्यच होता, लाखाच्या वर मोजणाऱ्या माणसांना श्वास मिळाला. पण स्वस्त झालेला सांधा किती टिकतो, कोणत्या बनावटीचा लवकर सैल होतो, हे सांगणारी सक्तीची नोंदवही अजून नाही. सांधेरोपण करणाऱ्या सर्जनांच्या संघटनेने स्वतःहून नोंदवही चालवली, त्यासाठी ते कौतुकाला पात्र आहेत. मात्र स्वेच्छेच्या नोंदवहीत बहुधा काळजीपूर्वक काम करणारेच नोंद करतात. ज्यांचा निकाल तपासायची सर्वांत जास्त गरज, ते बाहेर राहतात.

महाराष्ट्राला यासाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून हाडांच्या असंख्य शस्त्रक्रियांचे पैसे सरकार देते. रुग्णाचे नाव, मोबाइल नंबर, शस्त्रक्रियेची तारीख, इस्पितळ, हे सगळे सरकारजवळ आधीच आहे. वर्षाने त्या नंबरवर एक फोन व्हावा. दुखते का, चालता येते का, कामावर गेलात का, खाली बसता येते का, पुन्हा ऑपरेशन करावे लागले का, एवढे पाच प्रश्न. उत्तरे इस्पितळवार जाहीर व्हावीत. बसवलेल्या प्रत्येक प्लेटचा, सळईचा, सांध्याचा क्रमांक त्या नोंदीत सक्तीने असावा. हे करायला नवे इस्पितळ बांधावे लागत नाही. आरोग्य खात्याने या आर्थिक वर्षात ते सुरू करावे, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

आणि वाचकांना एक विनंती. सांध्याच्या प्रत्येक खोक्यात चिकटपट्ट्या असतात. त्यांवर कंपनीचे नाव, माप आणि लॉट नंबर छापलेला असतो. त्यातली एक तुमच्या केसपेपरला लावली जाते. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या हाडात काही बसवले असेल, तर डिस्चार्जच्या दिवशी ती पट्टी किंवा तिची प्रत मागून घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. वर्षाने दुखत नसले तरी डॉक्टरांकडे जा आणि कसे आहे ते सांगा.